नऊ आठवड्यांच्या गोळ्या

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवाच्या मांडवात तापाचा विषय काढणारा वक्ता म्हणजे लग्नघरात औषधाची बाटली घेऊन शिरणारा पाहुणाच म्हणावयाचा. चिटणीसांनी जेव्हा मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी ‘एका बेटावरील हिवताप’ असे सांगितले होते. कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या कच्च्या प्रतीत ते ‘एका बेटावरील हिवाळा’ असे छापून आले. ती चूक दुरुस्त करताना चिटणीस म्हणाले, “मास्तर, हिवाळाच राहू द्या की! ऐकावयास बरा वाटेल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी पण मी आग्रह धरला. का धरला ते पुढे येईलच.

आपण हैदराबादकर मंडळी. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळ एक जुनी इमारत आहे. तिच्यावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. 1897 च्या ऑगस्ट महिन्याच्या 20 तारखेस, तेव्हाच्या सिकंदराबाद छावणीतील लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. त्या शोधाच्या वाटेवरच त्यांना पुढे 1902 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे सर्व शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात बहुधा नसते ते हे की, त्या डासाच्या पोटातील रक्त कोणाचे होते. ते हुसेनखान नावाच्या एका रोग्याचे होते. रॉससाहेब त्याला दर डासामागे एक आणा देत आणि तो मच्छरदाणीत डास चावून घेई. मी वर्गात हा धडा शिकवतो तेव्हा रॉस यांचे नाव फळ्यावर लिहितो आणि त्याखाली हुसेनखानाचेही लिहितो. माझा तो हट्ट आहे. मुले विचारतात, “सर, हे परीक्षेत येईल का?” नाही येणार, असे मी सांगतो.

तेव्हा हिवताप कसा पसरतो हे कळण्याची सुरुवात आपल्या गावात झाली. पण तो एखाद्या जागेतून पुरता घालवायचा तर माणसांनी काय करावे लागते, हे समजून घेण्यासाठी मला फार लांब जावे लागले. अर्थात पुस्तकातूनच. मास्तराच्या पगारात एवढ्या लांबचे तिकीट बसत नाही.

प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, वानुआतू नावाचा देश आहे. ऐंशीच्या वर लहानमोठी बेटे मिळून तो झाला आहे. 1774 साली कॅप्टन कुकने त्यांना ‘न्यू हेब्रिडीज’ असे नाव दिले. पुढे इंग्रज व फ्रेंच या दोघांनी मिळून तेथे राज्य केले आणि 1980 साली तो देश स्वतंत्र झाला. या बेटांच्या माळेत वस्ती असलेले अगदी दक्षिणेचे बेट म्हणजे अनेइट्यूम. मधे डोंगर, भोवती किनारपट्टी आणि पाणथळ जमिनीत अळूच्या जातीच्या कंदाची लागवड. किनाऱ्याला धरून काही थोडी गावे. मुख्य गावासमोर एक चिमुकले बेट आहे. त्यावर विमान उतरण्याची पट्टी आहे. विमानातून उतरलेला माणूस तेथून होडीत बसून गावात येतो. ही पट्टी आणि ही होडी कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे त्यांच्याशी काम आहे.

या लोकांची आजारांशी ओळख जुनी व कडू आहे. एकोणिसाव्या शतकात चंदनाचे व्यापारी आले, 1848 साली जॉन गेडी हे मिशनरी आले. जहाजांबरोबर गोवराची साथ आली, आणि ज्या बेटावर हजारांनी माणसे होती तेथे ती शेकड्यांत मोजावयाची वेळ आली. 1991 साली तेथे 718 माणसे राहत होती. आपल्या ट्रस्टच्या सभासदांची घरची माणसे मोजली तर एवढी सहज भरतील.

या बेटाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस जातीचा डास प्रशांत महासागरात पश्चिमेकडून जसजसे पूर्वेस जावे तसतसा कमी होत जातो आणि वानुआतूच्या पलीकडे संपतो. फिजीत तो नाही. आपल्या देशातून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या गिरमिट्यांच्या नशिबी तेथे दुसरी दुःखे पुष्कळ आली, पण हिवताप तेथे रुजला नाही, कारण त्याचे वाहनच तेथे नव्हते. अनेइट्यूम या सीमेच्या अगदी अलीकडचे, म्हणजे हिवतापाच्या राज्यातले शेवटचे गाव. तेथे हा डास एकाच जातीचा, फाराउटी नावाचा. किनाऱ्याजवळच्या दलदलीत, ओढ्यांच्या मुखाशी, गोड्या व मचूळ पाण्यातही त्याच्या अळ्या होतात. पाऊस सुरू झाला की डास वाढायचे, मुले थंडीने कुडकुडायची, मोठ्यांना ताप यायचा आणि उतरायचा. तेथील माणसांना त्याचे आश्चर्य वाटत नसे. आपल्याकडेही पूर्वी पोराच्या पोटात पाणथरी वाढलेली दिसली की आजी म्हणे, “वयाबरोबर जाईल.”

आता येथे मला स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागत आहे.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा संपत आला असता, मला हिवताप झाला. दिवसाआड थंडी वाजे. रक्त तपासले तर व्हायव्हॅक्स जातीचे जंतू निघाले. डॉक्टरांनी क्लोरोक्वीन तीन दिवस दिले आणि प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस घेण्यास बजावून सांगितले. चौथ्या दिवशी ताप नव्हता. सातव्या दिवशी मी शाळेत गेलो. आठव्या दिवशी गोळ्यांनी पोटात मळमळते म्हणून पुडी फडताळात ठेवली. अम्मा म्हणाली, “अरे, पुरी संपव की रे ती पुडी.” मी म्हणालो, “अम्मा, ताप कुठं आहे आता?” शास्त्र शिकवणाऱ्या, पदवी आणि बी.एड. झालेल्या माणसाचे हे उत्तर! वार्षिक परीक्षेच्या सुमारास, पर्यवेक्षणासाठी वर्गात उभा असताना, मला पुन्हा हुडहुडी भरली. एका मुलीने आपली ओढणी काढून दिली. पण या दुसऱ्या तापाने केवळ माझेच नुकसान झाले असे नाही. आमच्या गल्लीत त्यानंतर आणखी दोघांना हिवताप झाला. त्यांना तो माझ्याकडूनच गेला असे सिद्ध करता येणार नाही. गेला नाही, असेही मला म्हणता येत नाही.

हे असे का होते ते थोडक्यात सांगतो. माणसाला होणाऱ्या हिवतापाचे जंतू अनेक प्रकारचे असले तरी आपल्याकडे मुख्यतः दोन आढळतात. फाल्सिपेरम हा जहाल, प्रसंगी मेंदूवर जाऊन जीव घेणारा. व्हायव्हॅक्स हा त्या मानाने सौम्य, पण लबाड. त्याचे काही जंतू यकृतात जाऊन झोपी जातात. रक्तातले जंतू औषधाने मेले, ताप गेला, माणूस हिंडूफिरू लागला, तरी हे झोपलेले तेथेच असतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उठून पुन्हा रक्तात येतात. त्या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्वीन. तापासाठी ते नसतेच. म्हणून ताप गेल्यावर ते सोडणे म्हणजे चोर माळ्यावर असताना दार उघडून पहारेकऱ्याला सुट्टी देणे होय. (ज्यांच्या रक्तात जी-6-पीडी नावाच्या घटकाची उणीव असते त्यांना हे औषध अपाय करते, गर्भवतींना व तान्ह्यांनाही ते देत नाहीत. म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कोणी घेऊ नये. माझे भाषण ऐकून औषधाच्या दुकानात धाव घेऊ नका.)

अशा मनःस्थितीत असता मला अनेइट्यूमची हकीकत वाचावयास मिळाली आणि मी खजील झालो.

अकिरा कानेको नावाचे एक जपानी डॉक्टर वानुआतूत हिवतापाचे काम करीत होते. त्यांनी व तेथील आरोग्य खात्याने असा विचार केला की, रोग्याला शोधून औषध देत बसण्यापेक्षा, बेटावरील प्रत्येक माणसाला, आजारी असो वा नसो, एकाच वेळी औषध दिले तर काय होईल? जंतूला राहण्यास जागा दोनच: माणसाचे अंग आणि डासाचे अंग. डासाचे आयुष्य काही आठवड्यांचे. तेवढे दिवस जर बेटावरील कोणाच्याही रक्तात जंतू उरला नाही, तर जुने डास मरतील आणि नव्या डासांना उचलण्यास काही मिळणार नाही. साखळी तुटेल.

कागदावर हे सोपे आहे. हाडाचा ताप भोगणाऱ्याला गोळी देणे सोपे. पण धडधाकट तरुणाला, शेतावर निघालेल्या बाईला, अंगणात हुंदडणाऱ्या पोराला कडू गोळी दर आठवड्याला देणे, आणि असे एक नाही, दोन नाही, नऊ आठवडे देत राहणे! ज्याला ताप नाही त्याने ती का घ्यावी? शेजाऱ्यासाठी. आणि शेजाऱ्यानेही याच कारणासाठी घ्यावी. एवढे 718 माणसांना पटले पाहिजे, आणि पहिल्या आठवड्यातच नव्हे तर सातव्या-आठव्या आठवड्यातही पटत राहिले पाहिजे. मी शिक्षक असल्यामुळे मला माहीत आहे की, कोणत्याही वर्गात पहिला आठवडा उत्साहाचा असतो. वह्यांना वेष्टने घातली जातात. परीक्षा होते ती सातव्या आठवड्यात.

1991 साली, पावसाळा लागण्याच्या आधी, डास कमीत कमी असतात असा काळ साधून हे काम झाले. क्लोरोक्वीन, सल्फाडॉक्सिन व पायरिमेथामिन यांची जोडगोळी आणि प्रायमाक्वीन अशी औषधे होती. मघाशी सांगितलेला रक्तातील दोष या बेटावर फार थोड्यांत होता, म्हणून प्रायमाक्वीन सर्वांना देण्याचे धाडस करता आले. ज्या बेटावर हा दोष पुष्कळांत असेल तेथे ही वाट तशीच चालता येणार नाही. त्याच वेळी परमेथ्रिन नावाच्या कीटकनाशकात भिजवलेल्या मच्छरदाण्या सर्वांना वाटल्या. डासांच्या अळ्या जेथे होत अशा काही पाण्यांत अळ्या खाणारे मासे सोडले. आणि गोळ्या? दहांतील जवळजवळ नऊ माणसांनी त्या नेमाने घेतल्या. कोणाला शिक्षा नव्हती, कोणाला दर गोळीमागे आणा नव्हता.

फाल्सिपेरम त्या नऊ आठवड्यांनंतर बेटावरून गेला.

व्हायव्हॅक्स मात्र आपल्या स्वभावाप्रमाणे वागला. तो अधूनमधून डोके वर काढीत राहिला, आणि त्याला पुरता जावयास 1996 साल उजाडावे लागले. म्हणजे नऊ आठवड्यांनंतर आणखी चार-पाच वर्षे या लोकांनी मच्छरदाण्या वापरल्या, रक्त तपासून घेतले, ताप आलेल्याला लगेच दाखवले. या सर्वांचा वृत्तांत 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि मग जगाला हे बेट ठाऊक झाले. वृत्तांत वाचताना मला औषधांच्या नावांपेक्षा त्या मधल्या वर्षांचे अधिक वाटले. मोहिमेचे वारे थंड झालेले, पाहुणे डॉक्टर येऊन जाऊन असणारे, आणि रोग तर दिसेनासा झालेला. अशा वेळी मच्छरदाणीचे फाटलेले भोक कोण शिवतो?

आता ती विमानपट्टी. उत्तरेकडील बेटांवर हिवताप होताच. तेथून नातलग येणार, आजारी मावशीला भेटून कोणी परत येणार, शिकावयास गेलेला मुलगा सुट्टीत येणार. माणसांची ये-जा थांबवता येत नाही व थांबवूही नये. तेव्हा बेटावरच्याच माणसांना सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहण्यास शिकवले आणि बाहेरून येणाऱ्यांवर, तापकऱ्यांवर त्यांची नजर राहिली. ज्या गावाला बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जहाजाने एके काळी मरण आणून दिले होते, त्या गावाला आलेल्या पाहुण्याचे आधी थेंबभर रक्त मागावे लागे. मागण्याची रीत काय असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. आपल्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात!

एवढे करूनही 2002 साली, सहा वर्षे स्वच्छ गेल्यावर, बेटावर व्हायव्हॅक्सची लहानशी साथ आली. तिचे मुख्य भक्ष्य लहान वयाची मुले होती. याचे कारण विचार करण्याजोगे आहे. ज्यांनी लहानपणी वारंवार ताप काढला होता त्या मोठ्यांच्या अंगात काही प्रतिकार शिल्लक होता. हिवताप गेल्यानंतर वाढलेल्या मुलांच्या अंगात तो नव्हता. आईबापांनी ज्या संकटातून मुलांना सोडवले त्या संकटाशी लढण्याची सवयही त्यांना उरली नव्हती, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. साथ लवकर कळली, रक्ते तपासली गेली, औषधे दिली गेली आणि ती आवरली. लवकर कळली, कारण पाहणारे डोळे अजून तेथे होते.

हे डोळे मिटले तर काय होते ते आपल्याला दूर जाऊन पाहावयास नको. श्रीलंकेत 1963 साली साऱ्या देशात हिवतापाचे अवघे 17 रोगी नोंदले गेले होते. फवारणी थांबली, लक्ष उडाले, आणि 1968-69 मध्ये तेथे लाखांनी रोगी झाले. त्या देशाने पुन्हा कंबर कसली आणि 2016 साली तो हिवतापमुक्त ठरला. आपल्या देशातही 1953 पासून मोठी मोहीम झाली. 1965 च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखाच्या घरात उतरली होती. ती 1976 साली चौसष्ट लाखांवर गेली. त्याची कारणे अनेक सांगतात: डीडीटीला न जुमानणारे डास, पैशांची ओढ, वाढती शहरे. ती खरीच आहेत. पण आमचे एक वृद्ध शिक्षक, जे त्या काळी फवारणीच्या नोंदी ठेवण्याचे काम करीत, ते मला म्हणाले होते, “शेवटी शेवटी लोक आम्हाला घरात घेईनात. ताप कुठं आहे आता, म्हणत.”

माझ्या पुडीपाशी मी जे बोललो तेच हे शब्द.

आता मी आपल्या घरी येतो. शहरात हिवताप पसरवणारा डास स्टीफेन्साय जातीचा. त्याला दलदल लागत नाही. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, विहीर, हौद, बांधकामाच्या जागी साठवलेले पाणी त्याला पुरते. स्वच्छ पाणी त्याला आवडते, म्हणजे तो आपल्याला गलिच्छ म्हणण्याची सोय ठेवीत नाही. पाच वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टने मुलांचे एक पथक केले होते हे बहुतेकांना आठवत असेल. दर शुक्रवारी संध्याकाळी दोन-दोन मुले शिडी घेऊन घरोघर जात, टाकीत डोकावत, अळ्या दिसल्या तर पाणी उपसून टाकी कोरडी करावयास सांगत. पहिल्या वर्षी आपण त्यांना टाळ्या वाजवून बक्षिसे दिली. दुसऱ्या वर्षी ताप कमी झाला. तिसऱ्या वर्षी काही घरांनी दार उघडताना, “परवाच तर पाहून गेलात रे बाळांनो,” म्हणावयास सुरुवात केली. चौथ्या वर्षी पथक बंद पडले. कोणी बंद केले नाही. त्या शुक्रवारी क्रिकेटचा सामना होता, नंतर परीक्षा आली, नंतर सण आला. त्या पथकाची देखरेख ज्याच्याकडे होती तो शिक्षक मीच. म्हणून येथे कोणाला बोल लावण्यासाठी मी उभा नाही.

गेल्या पावसाळ्यात आपल्या वस्तीत पुन्हा थंडीतापाचे रोगी निघाले. त्यांत माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा होता. त्याचा ताप मेंदूपर्यंत जाण्याच्या बेतात होता, वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे तो वाचला. आज येथे तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे ‘सर, नाव सांगू नका’ अशा नजरेने पाहत आहे. सांगत नाही.

त्यानंतर मी आमच्या मशिदीच्या हौदाकडे पाहिले. वुजू करताना वर्षानुवर्षे मी तेथे बसतो, पण पाण्यात काय आहे हे कधी निरखले नव्हते. कोपऱ्यात अळ्या होत्या. मी इमामसाहेबांकडे गेलो. वाटले, धार्मिक जागेचा प्रश्न, कसे बोलावे? ते शांतपणे म्हणाले, “मास्तरसाहेब, पूर्वी या हौदात मासे असत. आमच्या वालिदसाहेबांच्या वेळेला असत. दुरुस्तीच्या वेळी काढले ते पुन्हा सोडलेच नाहीत. तुम्ही आणता का?” दोन दिवसांनी महापालिकेच्या मलेरिया विभागातून मी प्लास्टिकच्या पिशवीत गप्पी मासे आणले. रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसलो होतो; रिक्षावाल्याने विचारले, “घरी शोभेला?” शेजारच्या देवळाच्या पुजारीबुवांनी ते हौदात सोडताना पाहिले आणि त्यांच्या विहिरीसाठीही मागून घेतले. आता दोन्ही ठिकाणी ते फळफळले आहेत आणि कोणाला हवे असतील तर मिळतील, भांडे मात्र आणावे.

विश्वस्त मंडळींनी परवाच्या सभेत पथक पुन्हा सुरू करण्यास मान्यता दिली आहे. या वेळी मी एक बदल सुचवला आणि तो मान्य झाला. पथकात मुलांबरोबर प्रत्येक गल्लीतील एक मोठे माणूस राहील, आणि ज्या आठवड्यात एकही अळी सापडणार नाही त्या आठवड्याचीही नोंद वहीत होईल: तारीख, घर, टाकी पाहिली, काही नाही. अशी ‘काही नाही’ची पाने कंटाळवाणी दिसतील. हिशेब तपासनीस विचारतील हे काय भरले आहे. भरू द्या.

बाहेर दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. येत्या शुक्रवारी असरच्या नमाजानंतर, म्हणजे साधारण साडेपाचच्या सुमारास, ट्रस्टच्या अंगणातून निघावयाचे आहे. ज्यांना जमेल त्यांनी नावे लिहावीत. ट्रस्टच्या शिडीची वरून तिसरी पायरी मोडकी आहे, ती सुताराकडे दिली आहे. शुक्रवारपर्यंत आली नाही तर कोणाकडे शिडी असल्यास कृपया कळवावे.